मामाचं तारण

आज दुपारी माझ्या मामाला माती दिली. रात्रीचे साडेअकरा झालेत. मामीकडेच थांबलेय. झोप येत नाही आणि राग जात नाही, म्हणून लिहितेय. कुणाला लागलं तर लागू दे.

पेटी अजून बंद व्हायची होती. आपल्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी हातातलं बायबल उघडलंसुद्धा नाही. मामाकडे बोट करून म्हणाले, "या भावाचं तारण झालं होतं का? आज तो कुठे आहे, छातीठोकपणे सांगू शकतं कुणी?" मग दहा मिनिटं दारूवर. मामी पेटीच्या कडेला उभी होती. हातातल्या रुमालाची ती घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. शंभरेक माणूस होतं. एकानेही त्यांना थांबवलं नाही. मीही नाही.

हो, मामा प्यायचा. पंचवीस वर्षं प्यायला. मामीने काय काढलं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, मला कुणी सांगायची गरज नाही. पण ज्या माणसाने मला तारण या शब्दाचा अर्थ शिकवला त्याच्याच पेटीपुढे हा प्रश्न?

आपल्याकडे हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. चर्चमध्ये, पापातून सुटका या अर्थी, आणि पतपेढीच्या पाटीवर, गहाण या अर्थी. "सोनेतारण कर्ज मिळेल." लहानपणी मला तो एकच शब्द वाटायचा. संडे स्कूलच्या बाईंनी समजावलं की अगं, ते तारण वेगळं, हे वेगळं. आज मला वाटतं, मी लहान होते तेच बरोबर होतं.

१९८८ साल. मी नऊ वर्षांची. वडिलांचा कारखान्यातला पगार चार महिने थकलेला. आईच्या दोन पाटल्या तालुक्याच्या गावी सावकाराकडे गेल्या. आई काचेच्या बांगड्या घालून उपासनेला जायची आणि पदर मनगटापर्यंत ओढून बसायची. मुदत संपत आली तशी ती रात्री उठून बसायला लागली, कारण मुदत टळली की सोनं वितळवतात हे तिला ठाऊक होतं. व्याजासकट साडेतीन हजार भरायचे होते. आमच्या घरात तेव्हा साडेतीनशेही नव्हते.

एका संध्याकाळी मामा आला. चप्पल न काढता उंबऱ्यावरच बसला आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत दोन्ही पाटल्या. त्यांना दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता, त्यावर लाल शाईत आकडा, ११४. मामाने तो दोरा दाताने तोडला. आई नुसती बघत राहिली. म्हणाली, "हे मी कधी फेडू रे?" मामा म्हणाला, "आक्का, तुझंच तर हाय. म्या काय नवीन घडवून आणलंय व्हय?"

आईचे हात कामाने सुजले होते, पाटल्या चढेनात. मग तिने मोरीत जाऊन साबणाचा फेस केला. ते दुखलं असणार, पण ती हसत होती.

तुझंच तर हाय. आजवर ऐकलेल्या सगळ्या उपदेशांपेक्षा हे वाक्य मला जास्त कळलं. सोडवणं म्हणजे नवी वस्तू विकत घेणं नव्हे. जे आपलंच होतं, दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊन पडलं होतं, त्यावर कुणाचा तरी नंबर लागला होता, ते घरी आणणं. पाटली गहाण पडली म्हणून तिचं पितळ होत नाही. देव माणसाला सोडवतो म्हणजे माणूस आधीपासून त्याचाच असतो. आणि प्रचारकसाहेब विचारतात, याला घेतलं होतं का!

बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात नियमच आहे. गरिबीमुळे भावाला वतन विकावं लागलं तर सगळ्यात जवळच्या नातलगाने येऊन ते सोडवायचं. कुणीच नसलं तर पन्नासाव्या वर्षी, योबेलच्या वर्षी, ते आपोआप परत. बायबलातल्याच रूथ या विधवेच्या गोष्टीत तिच्या सासरचा नातलग बवाज गावच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवतो आणि रूथच्या घराला सोडवतो. त्याच्याहून जवळचा एक नातलग होता. तो आधी हो म्हणाला, पण रूथलाही पदरी घ्यावं लागेल हे कळल्यावर माझ्याच वतनाचं नुकसान होईल म्हणाला आणि हक्क सोडल्याची खूण म्हणून पायातला जोडा काढून देऊन मोकळा झाला. त्याचं नावसुद्धा बायबलने ठेवलेलं नाही. सोडवणारा घरचा लागतो आणि त्याला झळ सोसावी लागते. येशू रक्तामांसाचा झाला तो याचसाठी, असंच मी मानते. लांबून सोडवता येत नाही. आधी नातं लागतं.

आता आमचे थिऑलॉजी शिकलेले भाऊजी म्हणतील, ताई, खंडणीचं काय? शास्त्रात तोच शब्द आहे, येशूने आपला जीव दिला तो पुष्कळांसाठी खंडणी म्हणून. आहे ना. पण आजच्या पोरांना खंडणी म्हटलं की पेपरातला गुंड आठवतो, त्याला मी काय करू? मग ती विचारतात, कुणी मागितली? ती चूक नाही करत. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानालाही हाच प्रश्न पडला आणि त्याने लिहिलं की ती सैतानाला दिली. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म म्हणाला, सैतानाचं देणं कसलं, माणसाने देवाचा मान बुडवला, ते देणं देवाचंच. वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणीही सावकाराचं नाव काढलं नाही. सगळे आईच्या मनगटाकडे बघत होते.

पश्चात्ताप लागतो, मान्य. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायचा शब्द दिला तेव्हाच येशू म्हणाला की या घराला आज तारण मिळालं. बरं. पण त्याआधी, जक्कय अजून उंबराच्या झाडावरच होता तेव्हा, "आज तुझ्या घरी उतरायचंय" कोण म्हणालं? आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या चोराचं काय? ना बाप्तिस्मा, ना साक्ष, ना दशांश. एक वाक्य बोलला, आणि येशूने त्याला आपल्यासोबत घेतलं. शेवटच्या रात्री मामा आपल्या देवाशी काय बोलला ते प्रचारकसाहेबांना माहीत आहे?

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये होत्या. वाँटेजच्या सिस्टर्सनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना लंडनला फुलमला आपलं काम बघायला पाठवलं. जगाने "पतित" म्हणून टाकलेल्या बायका तिथे होत्या, आणि त्यांना कुणीतरी मायेने सांभाळत होतं. असं त्यांनी आपल्याकडे कधी पाहिलं नव्हतं. का करता हे, विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली, जिचे पाच नवरे झाले होते तरी येशू जिच्याशी बोलला तिची. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणल्या, अशाच बायकांसाठी कृपासदन बांधलं. आपल्या मराठी मंडळीला हा वारसा आहे, आणि आपण पेटीपुढे उभं राहून विधवेला घाबरवतो!

इथवर लिहिलं आणि साल बरोबर आहे ना म्हणून मामीला विचारायला उठले. ती जागीच होती, भिंतीला टेकून. पाटल्या कोणत्या साली सोडवल्या ग? म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी. म्हैस विकली ना तवा."

म्हैस विकली हे मला माहीत होतं. मामाची म्हैस, असंच आमच्या घरात बोललं जायचं.

मामी म्हणाली, "म्हैस माझ्या बापानं दिली व्हती."

मला काही सुचेना. ती पुढे म्हणाली, "ते रात्रभर गोठ्यात बसून व्हते, मला इचारायचा धीर व्हईना. सकाळी मीच दावं हातात दिलं." त्या वर्षी धाकट्याला दूध विकत आणावं लागलं, आणि तेही रोज नाही. मी म्हटलं, "मामी, कधी बोलली नाहीस." तर म्हणे, "आक्का पाटल्या घालून यायच्या. मंग काय बोलायचं?"

आई गेल्यावर दोघी बहिणींना एकेक पाटली आली. माझी आत्ता माझ्या हातात आहे. आज दफनालाही होती, मामीच्या अगदी डोळ्यांसमोर. मी ती काढायला लागले, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "राहू दे. साबण लागंल."

मघाशी वर "मामाने सोडवलं" लिहिलंय. ते खोडत नाही. पण ते अर्धंच आहे.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता मामीकडे प्रार्थना आहे, सगळ्यांनी या. त्या प्रचारकांनाही बोलवायचं आहे. मी नको म्हणत होते. मामी म्हणाली, "बोलीव. जेवायला थांबीव त्यांना." नंबर दिलाय तिने. मी अजून फोन केलेला नाही.