कोवळं ऊन, नाचणी आणि आजीचं पोक

२० ऑक्टोबरचा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन जवळ आला की भारतातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तोच वाद पेटतो. "हाडं ठिसूळ होणं हे गोऱ्या बायकांचं दुखणं. आपल्या आज्यांनी नाचणी खाल्ली, कोवळं ऊन घेतलं, त्यांना कुठे झालं होतं?"

झालं होतं. साठीनंतर आजी बुटकी झाली, पाठीला पोक आलं, लुगडं जमिनीला लागायला लागलं म्हणून ती ते वर खोचू लागली. आपण त्याला वय म्हणालो. खरं तर ठिसूळ झालेले मणके पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे होतात. पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून कुणी एक्स-रे काढत नाही. उंची चार सेंटीमीटरने घटली तर तो काढायलाच हवा. आणि अशा पाठीने पुढे वाकून पायाचे अंगठे धरू नयेत. दबलेला मणका आणखी दबतो.

कोवळ्या उन्हाचं खूळ तर मला फार खटकतं. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं, अकरा ते दोनचं ऊन हवं, तेही उघड्या हातापायांवर. इथे ग्लासगोत ऑक्टोबर ते मार्च ते मिळतच नाही. म्हणून रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी, आपल्या सावळ्या कातडीला वर्षभर. पुण्यात लोक सातला टेकडीवर जातात आणि बाराला पडदे ओढून बसतात. मला याचा राग येतो, खरं सांगायचं तर हेवाही वाटतो.

नाचणी उत्तमच, पण हिशेब करा. १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे एका भाकरीत दीडशेच्या आसपास. पाळी गेल्यावर दिवसाला हवं हजार ते बाराशे. भाकरीबरोबर दोन पेले दूध किंवा दही घेतलं तरी साडेसहाशेच्या आतबाहेर. पांढऱ्या सोललेल्या तिळावर भिस्त नको, कॅल्शियम सालात असतं.

"गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा" म्हणणाऱ्यांनी त्या कशा घेतल्या जातात तेही पाहावं. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, ते उपाशीपोटी घेतलं जातं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर हवं, तर दोन्ही एकाच घोटात जातात. साठ हजार युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याची असते; ती रोज घेतली की रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं.

आणि ती सोसायटीतली शिबिरं! टाचेला यंत्र लावून आकडा हातात देतात. त्यावरून निदान होत नाही. खुबा आणि कंबरेच्या मणक्यांचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे लागतो. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. पण खरी खूण त्याआधीच मिळालेली असते: पन्नाशीनंतर साधं पडून मोडलेलं मनगट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथे ग्लासगोनेच अशा बाईला प्लास्टरबरोबरच हाडांच्या नर्सकडे पाठवायची पद्धत सुरू केली. भारतात प्लास्टर निघालं की विषय संपतो, आणि पुढच्या वेळी खुबा मोडतो.

तरी इथलं सगळं भारी असंही नाही. इंग्लंडमध्ये आजही सगळीकडे ही सोय नाही. जीपीकडच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडच्या, पत्रकात दूध, चीज, सार्डिन असतं. आमच्या मंडळातल्या बायका ते घडी करून पर्समध्ये ठेवतात. सार्डिन म्हणजे आपली तारलीच, मऊ काट्यांसकट खायची, हे त्यात कुणी लिहीत नाही. ते मी सांगू शकते. रत्नागिरीतल्या बाईला मात्र इथे बसून काही सांगण्याचा हक्क मला उरलाय का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.