मेहुणे हवेत

छोट्या विमानात घाबरट माणसाला न्यायचं, तर सगळ्यात अवघड काम जमिनीवरच उरकावं लागतं. त्याला वजन विचारावं लागतं.

माझ्या बायकोचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, मोठ्या प्रवासी विमानातही पुढच्या सीटची पाठ आवळून बसतात. त्यांना चार आसनांच्या सेस्नातून फिरवून आणायची कल्पना अर्थातच बायकोची. परवाना माझ्या खिशात असला, तरी सुकाणू कुणाच्या हातात आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"दादा, वजन किती तुमचं?"

"कशाला?"

"हिशेब करावा लागतो. विमानासकट माणसं, इंधन, सामान सगळं धरून 1043 किलोच्या वर जाता येत नाही."

ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "78." मी कागदावर 86 लिहिलं. ते त्यांनी पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

भीती अज्ञानापोटी असते असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून ठरवलं, दादांना सगळं समजावून सांगायचं. लिहिणाऱ्याने बहुधा कधी मेहुण्याला विमानात बसवलं नसावं.

पंखाखालून इंधनाचा नमुना काढून उजेडात धरला. "पाणी उतरलंय का बघतो. पाणी जड, ते तळाशी बसतं."

"आणि असलं तर?"

"इंजिन बंद पडू शकतं." इथे शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, "पण बंद पडलं तरी विमान दगडासारखं कोसळत नाही हं! 3000 फुटांवरून आठेक किलोमीटर आरामात तरंगत जातं." दादांनी चौफेर आठ किलोमीटर नजर फिरवली. त्यांना काही पसंत पडलेलं दिसलं नाही.

मग ते भोक. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं आणि आत पेटीत असते तशी पत्ती. वेग फार पडला, की तिथून हवा ओढली जाते आणि पत्ती वाजते. ती वाजते का हे बघायला भोकावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची. मी ओढली. विमान केविलवाणं कण्हलं.

"जावईबापू," दादा चार पावलं मागे सरकत म्हणाले, "हे असं चोखून बघायचं विमान आहे?"

"अहो, 1955 साली पहिल्यांदा उडालेलं मॉडेल आहे हे. आजवर 44,000 हून जास्त बनली!"

"त्यातली शिल्लक किती?"

दादांनी आयुष्यभर ऑडिट केलंय, हे मी विसरलो होतो. पण त्यानेच मला तारलं. आत बसल्यावर मी चेकलिस्ट काढली, तेव्हा ते म्हणाले, "पाठ नाही तुम्हाला?"

"पाठ आहे म्हणूनच वाचायची. पाठ असलेलंच माणूस गाळतो."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदराने पाहिलं आणि यादी हातातून काढून घेतली. एकेक ओळ वाचायची, मी त्या बटणाला हात लावेपर्यंत पुढे जायचं नाही. इंजिनाचे फेरे मिनिटाला 1700 वर नेऊन मी ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एक बंद केला. काटा किंचित उतरला.

"बिघडलं?"

"नाही, उतरायलाच हवा. मुळीच उतरला नाही तर शंका घ्यायची."

"बरोबर," दादा खुलले. "ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला की आम्हीही घेतो."

सकाळची वेळ मुद्दाम निवडली होती. ऊन चढून जमीन तापली की हवा वर उसळते आणि विमान हिंदकळतं. वळणंही अगदी बेताची घेतली. तरी एक धक्का बसलाच. समोरच्या दुसऱ्या सुकाणूला हात लावायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून दादांनी माझी मांडी धरली. वळ दोन दिवस होता.

त्यांना काम द्यावं म्हणून म्हटलं, "आसपास दुसरं विमान दिसलं तर सांगा." मग घार दिसली. ढग दिसला. सावली दिसली, ती आमचीच निघाली. शेवटी, "डाव्या टाकीचा काटा हलतोय, उजव्याचा हलत नाही. दोन्हींचा खुलासा द्या."

"हे काटे असेच. म्हणून तर निघताना टाकीत पट्टी बुडवून मोजलं."

"हं. प्रत्यक्ष मोजणी झालीय तर."

उतरताना चाकं टेकण्याच्या बेतात असताना पंखातून तोच केविलवाणा सूर आला. तिथे तो येतोच, हे सांगायचं मात्र नेमकं राहून गेलं होतं. मला घाम फुटला. शेजारून शांत आवाज आला, "पेटी वाजली. चालू स्थितीत आहे."

विमान उभं केलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईपर्यंत दादांनी मला उतरू दिलं नाही. मग यादीची घडी घातली आणि वजनाचा कागद पुढे ओढला.

"पेन द्या. 84 आहे."