डब्लिनची रंगीत दारं आणि राणीचा काळा रंग

‘१९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणी वारली, दारं काळी रंगवा असा हुकूम सुटला आणि डब्लिनकरांनी चिडून ती लाल-पिवळी-हिरवी केली’ असा मजकूर फोटोंसकट फिरतोय. (डब्लिन ही आयर्लंडची राजधानी, तेव्हा ब्रिटिश अमलाखाली.) गोष्ट झकास आहे, पण अशा हुकुमाला पुरावा नाही. गंमत म्हणजे आपल्या अंत्ययात्रेत पांढरा रंग असावा, अशी खुद्द राणीचीच सूचना होती.

खरं कारण घरांच्या बांधणीत सापडतं. डब्लिनमधल्या मेरियन स्क्वेअर या चौकाचं बांधकाम १७६२ च्या सुमारास सुरू झालं. जमीनमालकाच्या भाडेपट्ट्यातल्या अटींमुळे विटांच्या भिंती, खिडक्यांच्या रांगा, उंची, सगळं एकसारखं. घरमालकाला हौस भागवायला उरलं ते दार: त्याचे खांब, पितळी कडी आणि वरची अर्धगोल काच. ही काच नुसती शोभेची नव्हे. दार भरीव लाकडाचं असल्यामुळे आतल्या, दिवाणखान्याआधीच्या अरुंद बोळात उजेड येतो तो तिच्यातूनच.

आज दिसणारे भडक रंगही बरेचसे विसाव्या शतकातले. दारुड्या नवऱ्यांना घर ओळखू यावं म्हणून रंग दिले, हा दुसरा फॉरवर्डही त्याच माळेतला मणी.