पाणीच तर टाकायचंय!

"पाणीच तर टाकायचंय, त्यात काय एवढं!" हे गाडीच्या इंजिनाबद्दलचं वाक्य यापुढं जो कुणी माझ्यासमोर म्हणेल, त्याला मी त्याच पाण्यात बुडवणार आहे. मिस्त्री म्हणाला, दाजी म्हणाले, पार्टच्या दुकानातला म्हणाला, औशाच्या पुढं रस्त्यावर जमलेले पंधरा अनोळखी लोक म्हणाले.

गाडी 1975 ची. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात ती फियाटच. 2021 च्या नियमाप्रमाणं पन्नाशी ओलांडलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, म्हणजे आता मानाची म्हातारी. इंजिन 1089 सीसीचं, खाली बिडाचा ब्लॉक (जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड), वर ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे ब्लॉकचं झाकण. ही जोडी ध्यानात ठेवा, सगळं रामायण तिच्यावरूनच आहे.

मे महिन्यात आईला घेऊन लातूरहून तुळजापूरला निघालो. नवस होता. उजनीला थांबून बासुंदी खायची हेही ठरलेलं. औसा ओलांडलं अन् तापमानाचा काटा लालात. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. गाडी थांबली की आपल्याकडं माणसं जमिनीतून उगवतात. एकानं हॉटेलातून जग आणला, दुसरा फडकं घेऊन रेडिएटरचं (इंजिनाचं पाणी गार करणारी नळ्यांची जाळी) झाकण पिळायला लागला. मी ओरडलो, थांबा, तोंड भाजेल. तर मलाच शहाणपणा: "टाका हो पाणी, लै तापलीय बिचारी!" तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होतं. मग ते काढा, लेथवर न्या, फेस करा (घासून सपाट), मधलं गॅस्केट म्हणजे सांध्यातली पट्टी नवी टाका. पण जग घेऊन आलेल्या माणसाला कोण सांगणार? तासभर उन्हात उभा राहिलो. आई झाडाखाली बसून जप करत होती. देवीचा की माझ्या नावाचा, काय की.

दुसऱ्या दिवशी घरी खालची तोटी उघडून पाणी सोडलं. पाणी म्हणायचं म्हणून. पिवळट तपकिरी घट्ट लापशी निघाली. बोटावर घेऊन वास घेतला, हळद! फोन फिरवला. दाजी अभिमानानं म्हणाले, "हौ, मागं गळत होता ना, मीच टाकली दोन मुठी. ट्रकवाले हेच करतात." ट्रकवाले करतात, खरंय. आडरानात रेडिएटरला भोक पडलं की हळद फुगून बसते अन् पुढच्या गावापर्यंत गाडी जाते. पुढच्या गावापर्यंत, दाजी! पाच वर्षं नाही! भोक बुजवणारी हळद नळ्याही बुजवतेच की.

आणि त्या हळदीला साथ आमच्या बोअरची. काळ्या पाषाणातून शेकडो फुटांवरून उपसलेलं पाणी. साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही, नळाच्या तोटीला पांढरी मिशी. गीझरच्या कॉइलवर जो थर बसतो तोच इंजिनात बसतो, आणि जिथं सगळ्यात जास्त आग तिथंच जास्त बसतो. क्षाराचा थर म्हणजे उष्णतेला घातलेली गोधडी. आत लोखंड भाजतंय, बाहेर पाण्याला पत्ताच नाही. वर लोखंड, ॲल्युमिनियम अन् खारं पाणी एकत्र आलं की आत बॅटरीच तयार होते, आणि त्या भांडणात ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून कूलंट घालायचा असतो. तो नुसता हिरवा रंग नाही, त्यात गंज रोखणारी रसायनं असतात.

बरं, याच घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीत कुणी बोअरचं पाणी घालून दाखवावं! तिथं डिस्टिल वॉटरचा कॅन देवघराशेजारी, भरल्याची तारीख कॅलेंडरवर. पंख्यासाठी एवढं सोवळं, इंजिनाला मात्र अंगणातली बादली.

मिस्त्रीकडं गेलो. त्यानं पहिला शोध लावला की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) नाहीच. कुणी काढला? त्यानंच, मागं कधीतरी. "आपल्या हवेत लागत नाही साहेब, ते थंड देशातलं." अरे, डिसेंबरच्या पहाटे इंजिन दहा-दहा मिनिटं गरम होत नाही, चोक ओढून पेट्रोल जाळतो मी, तेलात साका धरतो, तो कशानं? यावर त्याचा उपाय म्हणजे ॲसिड. संडास धुवायचं! मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात ओतलंसुद्धा. क्षार निघाला, हे खरं. त्याबरोबर रेडिएटरच्या खालच्या टाकीचा डाकही (कथलाचा सांधा) निघाला, आणि धार लागली.

या सगळ्या प्रकरणात शहाणा माणूस एकच, रेडिएटरवाले चाचा. त्यांनी दोन्ही टाक्यांचा डाक सोडवला, आतल्या नळ्या उजेडात धरल्या. निम्म्याहून जास्त बंद. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "बेटा, इसमें खाना किसने पकाया?" मग प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून साफ केली, परत डाक लावला, पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरून तपासलं. दोन दिवस लागले. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असा खोलून नीट करता येतो. आजच्या प्लास्टिकच्या टाकीवाल्याला थेट भंगार.

ब्लॉक मी घरीच धुतला. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणलं, गरम पाण्यात विरघळवून आत भरलं, इंजिन तापेपर्यंत चालवलं, गार झाल्यावर सोडलं. ब्लॉकची तोटी उघडली तर थेंब नाही. सायकलची तार घालून कोरत बसलो तेव्हा खडे अन् गाळ बाहेर आला. असं तीनदा. मग नळी लावून उलट्या दिशेनं साधं पाणी, नितळ येईपर्यंत. अन् इथंच शेजारच्या काकू गॅलरीत. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव, टँकरची वाट बघणारी गल्ली, आणि हा बाबा गाडीच्या पोटातून पाणी वाहवतोय! त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. मान खाली घालून बादल्या भरत राहिलो. नंतर कूलंट सांडू नये म्हणून जिवाचा आटापिटा वेगळाच. ते गोड असतं, कुत्री चाटतात अन् मरतात.

शेवटचा छळ झाकणाचा. दुकानदारानं बिनस्प्रिंगचं दिलं. "झाकण ते झाकण, पाणी सांडू नये म्हणजे झालं." नाही हो! स्प्रिंगचं झाकण आतला दाब धरतं. चौरस इंचाला पौंडभर दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू दीडेक अंश वर जातो, आणि सहाशे मीटर उंचीवरच्या लातुरात उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. तीन दुकानं फिरलो. होज पाइपचंही तेच: "जीपचा हाय, कापून लावा."

आता थर्मोस्टॅट जागेवर, झाकण बरोबर, आत डिस्टिल वॉटर अन् कूलंट निम्मं-निम्मं. परवा भर दुपारी तुळजापूरला जाऊन आलो, काटा मधून हलला नाही. आई म्हणाली, भवानीची कृपा. दाजी मागच्या सीटवरून म्हणाले, "हळद चांगली बसली होती, तुम्ही उगं काढली."