नाव ऐकूनच गुन्हेगार कळतो, तर मग तपास कसला?

आज दुपारी एका नव्या क्राइम थ्रिलरचे शेवटचे भाग पाहून संपवले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मालिकेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. अजानीचा आवाज, त्यासरशी गडद होत जाणारे पार्श्वसंगीत, अरुंद गल्ली आणि सुरमा घातलेले डोळे, एवढे दाखवले की संशयित कोण हे सांगायला संवादही लागत नाही, आणि हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही खटकण्यासारखे आहे असेही कुणाला वाटत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर पोलीस खात्यातून निवृत्त झालेले हवालदारकाका राहतात. मूळचे सोलापूरचे, धर्माने मुसलमान. त्यांची आठवीतली नात सुट्टीच्या दिवशी आमच्याकडेच असते. पडद्यावर एका नव्या पात्राने आपले नाव सांगितले, तशी ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "हाच असणार बघ, मावशी." मी विचारले, "कशावरून गं?" तिने मान वर न करता सांगितले, "नावावरून." आणि तिचे बरोबर निघाले.

तिच्या आजोबांनी वर्षानुवर्षे गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तात पुण्याच्या अलका चौकात उभ्याने रात्र काढली आहे. सकाळी घरी येऊन सुजलेले पाय मिठाच्या गरम पाण्यात सोडायचे आणि मंडळाने दिलेली खोबऱ्या-खडीसाखरेची पुडी मुलांपुढे उघडायची, हा त्यांचा क्रम. हे मी त्यांच्या देशप्रेमाचा दाखला म्हणून सांगत नाही; ती त्यांची नोकरी होती आणि तिच्याबद्दल ते बहुतेक वेळा कुरकुरच करत.

दाखल्याचीच तर मला चीड आहे! या मालिकांतला दुसरा मुसलमान 'चांगला' असतो, आणि आपण चांगले आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याला शेवटच्या भागात छातीवर गोळी झेलावी लागते. संशयित किंवा हुतात्मा. मधल्या जागेत, जिथे आमचे काका आयुष्यभर राहिले, तिथे कुणालाच घर मिळत नाही.

'पाताल लोक' या वेब मालिकेचे नाव घ्याल, तर मान्य. 2020 साली आलेला इम्रान अन्सारी सहकाऱ्यांचे शेरे गिळत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, खराखुरा पोलीस होता. पण 2025 च्या दुसऱ्या सीझनमध्ये मोठा अधिकारी होऊन परतलेल्या त्या माणसाचाही खूनच झाला. 'दहाड' या मालिकेत मात्र पोलीस अधिकारी अंजली भाटी जवळून गेली की एक सहकारी उदबत्ती लावतो, आणि कुणीही भाषण न करता तिची जात, त्याचा विटाळ आणि त्या पोलीस ठाण्याची सगळी हवा कळते. एवढे बारकाईने लिहिता येते, हे आपल्याच लेखकांनी दाखवून दिले आहे.

आणि भाषेचे काय? कथा पुण्यात घडो की मुंबईत, मुसलमान पात्राच्या तोंडी मराठीचे चार शब्द नसतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी शाहीर अमर शेखांनी सभा पेटवल्या त्या मराठीतून. समाजसुधारक हमीद दलवाईंनी 1970 साली याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि ते लिहीत आले मराठीतच. आमचे काका काकूंशी दखनीत बोलतात आणि दारावरच्या भाजीवालीशी सोलापुरी मराठीत घासाघीस करतात. असा माणूस पडद्यावर दिसला असता, तर त्या मुलीला नावापलीकडे काहीतरी पाहायला मिळाले असते.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी काही जण पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा गाजवून आज मुंबईत मालिका लिहीत आहेत, म्हणून रागाने नव्हे, आपुलकीने मागते आहे. तपासाचा कंटाळा येणारा, पाय दुखतात म्हणून चिडणारा, कधी चुकणारा एक हवालदार लिहा, ज्याचा धर्म त्याच्या घरात असेल आणि गुन्ह्याच्या फाइलीत नसेल. गुन्हेगार मुसलमान असायलाही माझी हरकत नाही. कुठलाही माणूस गुन्हा करू शकतो. मात्र त्याला पैशाचे, सूडाचे, भीतीचे, काहीतरी कारण द्या आणि ते शोधायला पोलिसांना आठ भाग झगडू द्या. तसे लिहिलेत तर मी आठही भाग त्या मुलीला शेजारी बसवून पाहीन.