"एजन्सी उगाच कुणाला उचलत नाही" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले चार दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, आमच्या परळच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला, ऑफिसच्या ग्रुपवर आला, काल गावच्या भावकीच्या ग्रुपवरही. त्यात खालिद अल-मसरी या जर्मन नागरिकाचा फोटो आहे आणि मजकूर थोडक्यात असा, की याला सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर एजन्सीने दहशतवादाच्या संशयावरून उचललं तेव्हा मानवाधिकारवाल्यांनी बोंब मारली, पण एजन्सी उगाच कुणाला उचलत नाही, चार फटके दिल्याशिवाय असले लोक तोंड उघडत नाहीत, चूक कळल्यावर सोडलं की त्याला, आणि बाहेर येऊन पुढे तो जेलमध्ये गेलाच म्हणजे संशय खराच होता, आणि दहशतवाद्यांना वकील-कोर्ट पुरवत बसलो तर आपलंच मरण. खाली तिरंगा आणि हात जोडलेले.

आधी एक सांगतो. ११ जुलै २००६ ला माझा भाऊ वेस्टर्नच्या गाडीत होता आणि रात्री साडेदहापर्यंत त्याचा फोन लागत नव्हता, आई दारात बसून होती. बॉम्बस्फोटाचा राग काय असतो ते मला कोणी शिकवू नये. तरीही या मेसेजमधला एकही युक्तिवाद टिकत नाही.

उगाच उचलत नाही म्हणे. अल-मसरी जर्मनीतल्या उल्मकडचा, बायको आणि लहान मुलं असलेला माणूस, ३१ डिसेंबर २००३ ला बसने मॅसेडोनियात फिरायला चालला होता. बॉर्डरवर त्याला उतरवलं कारण त्याचं नाव एका संशयिताच्या नावाशी जुळत होतं आणि पासपोर्ट बनावट असेल असं वाटलं, बस्स. तिथली राजधानी स्कोप्ये, तिथल्या एका हॉटेलच्या खोलीत २३ दिवस बंदुकीच्या पहाऱ्यात ठेवलं, वकील नाही, जर्मन वकिलातीला फोन नाही. मग २३ जानेवारी २००४ ला डोळे बांधून एअरपोर्टवर नेलं, तिथे सीआयएच्या तोंड झाकलेल्या माणसांनी मारलं, अंगावरचे कपडे कापून काढले, डायपर घातला, डोक्यावर पिशवी आणि विमानात साखळीने जखडून काबूल. तिथे सॉल्ट पिट नावाने ओळखला जाणारा सीआयएचा गुप्त तुरुंग, चार महिने. पासपोर्ट तपासला तर अस्सल निघाला, आणि हे कळल्यावरही त्याला लगेच सोडलं नाही, शेवटी त्याने अन्न सोडलं तेव्हा ३७ दिवसांनी नाकातून नळी घालून जबरदस्तीने भरवलं. आणि हा काही एकटा नव्हे. अमेरिकेच्या सिनेट समितीचाच रिपोर्ट आहे डिसेंबर २०१४ चा, सीआयएने धरलेल्या ११९ जणांपैकी किमान २६ जण त्यांच्या स्वतःच्या नियमातसुद्धा बसत नव्हते. म्हणजे पाचातला एक आणि वर थोडे.

नाव जुळणं म्हणजे काय ते मला घरातून माहितीये. माझा मोठा मामा डिलाईल रोडला चाळीत राहायचा, संपात गिरणीची नोकरी गेलेला, नाव इतकं कॉमन की त्याच चाळीत त्या नावाचे तिघं. १९८९ मध्ये सोनाराच्या दुकानातल्या चोरीसाठी त्याला चौकशीला नेतो म्हणून घेऊन गेले. तीन रात्री. मामी डबा घेऊन गेली तर गेटवरचा हवालदार म्हणाला, इथे असा कोणी माणूसच नाही, आणि तिला आतून मामाचं विव्हळणं ऐकू येत होतं. तसाच डबा घेऊन ती परत आली. तिसऱ्या रात्री खरा माणूस भिवंडीत सापडला म्हणून मामाला सोडलं, तळपाय इतके सुजलेले की चपला पायात जाईनात, हातात धरून अनवाणी आला. माझ्या दृष्टीने सगळा मुद्दा त्या गेटवर आहे, माणूस आत आहे हे कुठे लिहिलेलंच नसेल तर चुकीचा माणूस धरलाय हे सांगायला जाणार कुठे?

आता दुसरं, फटक्यांशिवाय खरं बाहेर येत नाही. मामा दुसऱ्या रात्री "हो मीच" म्हणाला होता. सोनं कुठंय विचारलं तर सुचेल ते बोलला, चाळीच्या पाण्याच्या टाकीत टाकलं. त्यांनी टाकी उपसली, तळाला गाळ आणि एक फुटका तांब्या. पट्टा थांबावा म्हणून माणूस जे ऐकायचंय ते बोलतो, एवढं साधं आहे हे. हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर इब्न अल-शेख अल-लीबी बघा. अल कायदाशी संबंधाच्या संशयावरून पकडलेला हा माणूस अमेरिकेने इजिप्तच्या ताब्यात दिला, तिथे छळात तो बोलला की इराक अल कायदाला रासायनिक शस्त्रांचं ट्रेनिंग देतोय, तेच ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी युनोत जगासमोर मांडलं, पुढच्या महिन्यात इराकवर युद्ध सुरू झालं, आणि २००४ मध्ये अल-लीबीने सांगितलं की ते सगळं मार थांबवायला रचलेलं होतं. ती टाकी उपसायला किती माणसं मेली.

आपल्या ७/११ च्या, म्हणजे त्या ११ जुलैच्या लोकल स्फोटांच्या केसमध्येही मोठा भार कबुलीजबाबांवर होता, २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने ते कबुलीजबाब ग्राह्य धरले नाहीत आणि बाराही जणांना निर्दोष ठरवलं, आता प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पण त्यातली बहुतेक पोरं आत १९ वर्षं होती, आणि माझा भाऊ ज्या गाडीत होता तिच्या पुढच्या गाडीत मेलेल्यांच्या घरच्यांना १९ वर्षांनी काय उत्तर मिळालं?

"चूक कळल्यावर सोडलं." कसं सोडलं ते मेसेजमध्ये नाहीये. २८ मे २००४ ला अल्बानियात नेऊन रात्री एका निर्जन रस्त्यावर उतरवलं आणि सांगितलं मागे वळून बघू नकोस. त्याला वाटलं आता पाठीत गोळी बसणार. वजन १८ किलो उतरलेलं. घरी पोचला तर घर रिकामं, नवरा आपल्याला टाकून गेला असं समजून बायको मुलांना घेऊन लेबनॉनला निघून गेली होती. तो कुठे आहे हे कोणीच तिला सांगितलं नव्हतं, सेम मामीसारखं. मॅसेडोनियाचं सरकार तर म्हणत राहिलं की तो हॉटेलात पाहुणा म्हणून राहिला आणि स्वतःहून कोसोवोत गेला. आपल्याकडे घाटकोपर स्फोटाच्या केसमध्ये धरलेला परभणीचा इंजिनिअर ख्वाजा युनूस, २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला, पुढे सीआयडीने कोठडीतल्या मृत्यूचा गुन्हा पोलिसांवरच लावला, मृतदेह आजवर मिळालेला नाही. कागद असा लिहिला जातो.

अमेरिकेतल्या कोर्टांनी अल-मसरीची केस सरकारी गुपितं उघड होतील म्हणून ऐकलीच नाही, २००७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेही दार लावलं. खरं ठरलं ते स्ट्रासबुर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टात, विमानांच्या नोंदी, त्याच्या केसांची तपासणी, आणि मॅसेडोनियाच्या त्या वेळच्या गृहमंत्र्याची लेखी साक्ष. १३ डिसेंबर २०१२, सतरा न्यायाधीश, एकमताने, एअरपोर्टवर जे झालं तो छळच होता. भरपाई ६० हजार युरो, मॅसेडोनियाची माफी २०१८ मध्ये.

पुढे जेलमध्ये गेला हे खरंय. २००७ मध्ये त्याने एका दुकानाला आग लावली, २००९ मध्ये न्यू-उल्मच्या महापौराला मारहाण केली, शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. पण तारखा वाचा ना. उचलला २००३ ला. काबूलहून आलेला माणूस बिघडला हे काबूलला नेण्याचं कारण कसं होईल? माझा मामाही नंतर दारू प्यायला लागला, आधी पीत नव्हता.

आणि कोर्टाचं म्हणाल तर कसाब. ज्याला अख्ख्या जगाने एके-४७ घेऊन सीएसटीवर बघितलं, ज्याला धरताना तुकाराम ओंबळे गेले, त्यालासुद्धा आपण वकील दिला, आर्थर रोडला कोर्ट भरवलं, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील झालं आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला फाशी झाली. कोणाचंही मरण ओढवलं नाही. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुरावा टिकला नाही म्हणून सुटले, आणि ते वर सुप्रीम कोर्टातही कायम राहिलं. ते दोघं सॉल्ट पिटमध्ये असते तर?

मी ग्रुपवर एवढंच टाकलं: अटक झाली की २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं, अटकेचा कागद करून त्यावर साक्षीदाराची सही लागते आणि घरच्यांना कळवावं लागतं. मामी आता पंचाहत्तरीची आहे, तिने वाचून फोन केला, "अरे, पण गेटवरचा नाहीच म्हणाला तर?" म्हटलं, मग थेट हायकोर्टात, माणूस कोर्टासमोर हजर करा असा अर्ज, हेबियस कॉर्पस म्हणतात त्याला. म्हणाली, "मराठीत लिहून पाठव, मोठ्या अक्षरात."