आपल्या वॉर्डातली बाग कशी सुशोभित करावी

तुमच्या वॉर्डात अजून एखादी जुनी बाग आहे? पायाखाली माती, मधोमध चिंच, पारावर रिकामटेकडे म्हातारे आणि डबा ऐसपैस खेळणारी पोरं? अरेरे! म्हणजे निधी तुमच्यापर्यंत पोचलेलाच नाही. घाबरू नका. आमच्या बागेचं सुशोभीकरण नुकतंच पार पडलंय. तुम्हीही करून घ्या.

आधी माती झाका. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवा. झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवा, असं हरित लवादाने 2013 मध्ये सांगितलंय खरं, पण ते दिल्लीच्या झाडांबद्दल. आपल्या झाडांना कुठे हिंदी कळतं! पाणी मुरलं नाही, मुळं गुदमरली आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात झाड आडवं झालं, की ‘धोकादायक वृक्ष’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं.

फांद्यांना रात्रभर एलईडीच्या माळा. पाखरांनी झोपून करायचंय काय?

झाडाचं वय कागदावर कमीच लिहा. वृक्ष कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीपासून आपल्या राज्यात 50 वर्षांपुढचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, शिवाय तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावावी लागतात. उगाच कशाला खड्डे खणत बसायचं?

काम मोठं असेल तर शुक्रवारची रात्र बरी. मुंबईत आरेमध्ये 4 ऑक्टोबर 2019 ला रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर 2,000 हून जास्त झाडं झोपली होती.

सेसिल कोनायनेनडाइक नावाच्या वृक्षतज्ज्ञाने 2021 मध्ये 3-30-300 चा नियम मांडला: घरातून 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के सावली असावी, बाग 300 मीटरच्या आत असावी. आम्ही तो तंतोतंत पाळलाय. 3 नेत्यांचे फोटो, 30 सूचना (पळू नये, चेंडू खेळू नये, हिरवळीवर बसू नये) आणि 300 दिवे. हिरवळ प्लॅस्टिकची आहे, पण तरी बसू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुलूप. बाग सकाळी 6 ते 10 आणि दुपारी 4 ते 8 एवढीच उघडी ठेवा. मधल्या वेळात बागेला विश्रांती हवी. गेल्या आठवड्यात मी आईला बँकेतून हयातीचा दाखला देऊन आणत होते. भर दुपारचा एक, रिक्षावाला थांबायला तयार नाही आणि बागेपाशी आल्यावर आईला गरगरायला लागलं. गजांतून आत बघितलं तर वॉचमन कडुनिंबाखालच्या बाकावर आडवा. त्या बाकाच्या पाठीवर ‘यांच्या संकल्पनेतून’ कोरलेलं. हाका मारल्यावर एक डोळा उघडून म्हणाला, “ताई, चारला या.” म्हटलं, अरे, म्हातारं माणूस आहे, पाच मिनिटं सावलीत बसू दे. तर म्हणे, “वरून ऑर्डर आहे.” शेवटी फाटकाबाहेर फुटपाथच्या कडेला डबा सोडून बसलेल्या दोन बायका सरकल्या. “आज्जी, या हितं बसा,” म्हणत एकीने स्वतःची बाटली पुढे केली. गजांच्या पट्ट्यापट्ट्यांची सावली, तीही पाऊणच अंगावर. सकाळची चार घरं उरकलेली, दुपारची तीन बाकी, मधल्या दोन तासांत वस्तीवर जाऊन यायचं तर बसचे पैसे. म्हणून रोज इथेच बसतो, म्हणाल्या. पलीकडे होर्डिंगच्या सावलीत डिलिव्हरीची पोरं गाडीवरच मान टाकून झोपलेली.

झाडाचं खरं काम दुपारीच सुरू होतं हो! पानांतून पाणी उडतं, खालची हवा निवते. सकाळी सहाला गारवा असतोच, तेव्हा सावली हवी कुणाला? ज्यांच्या हॉलमध्ये एसी आहे त्यांना फेऱ्या मारायला बाग उघडायची आणि ज्यांच्या घरी डोक्यावर तापलेला पत्रा आहे त्यांच्या तोंडावर कुलूप घालायचं? ही कसली वेळापत्रकं? बंगळूरने 2024 मध्ये बागा पहाटे 5 ते रात्री 10 उघड्या ठेवायचं ठरवलं. त्यांच्या बागा काय वेगळ्या मातीच्या आहेत?

आणि सगळं खापर महापालिकेवर फोडू नका. ‘दुपारी बाहेरचे लोक येऊन बसतात, बाग खराब होते’ असा अर्ज आपल्याच सोसायट्यांनी सह्या करून दिलाय. मी वाचलाय तो. बाहेरचे कोण हो? जिच्या हातची पोळी खाता ती? जो चौथ्या मजल्यावर तुमचं जेवण आणून देतो तो? बाग त्यांच्याही करातून झालीय, काडेपेटी घेतली तरी कर भरतात ते. लाज वाटू द्या थोडी. तो अर्ज मागे घ्या, दुपारी बाग उघडी ठेवा असं लिहून द्या, आणि यावेळीही तितक्याच सह्या करा.